३.३ व्होल्टच्या बोर्डसाठी आधी ऑसिलोस्कोप घ्यावा की लॉजिक अॅनालायझर?

लटकलेली_बस (धागाकर्ता)

हाताशी सध्या फक्त मल्टिमीटर आहे. बोर्डवर ३.३ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर, आयटूसीवर (दोन वायरींची बस: डेटाची एसडीए, क्लॉकची एससीएल) ४०० किलोहर्ट्झने चालणारे तीन सेन्सर (वेगवेगळ्या छोट्या बोर्डांवर, मध्ये ४० सेंटिमीटर केबल), एसपीआयवर (दुसरी, जास्त वेगवान बस) ८ मेगाहर्ट्झचा डिस्प्ले आणि १२ व्होल्टचे ३.३ करणारा बक कन्व्हर्टर.

अडचणी दोन. आयटूसी मधूनच लटकते: एसडीए खाली जाते ती तिथेच बसते, वीज काढल्याशिवाय सुटत नाही. आणि १२ बिटांच्या एडीसीचे (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) शेवटचे तीन-चार बिट सतत नाचतात. मीटरवर मात्र ३.३१ व्होल्ट, अगदी स्थिर.

आत्ता एकच मोठी खरेदी जमेल. स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप) घेऊ की लॉजिक अॅनालायझर (फक्त ०-१ नोंदवणारा)? स्कोप असेल तर बँडविड्थ (किती वेगाचे सिग्नल दिसतील) किती, चॅनेल किती, प्रोब कसले, हेही सांगा.

---

वाकडी_लाट

स्कोप. तुमच्या दोन्ही तक्रारी अॅनालॉग आहेत. दुसरी उघडपणे, पहिली बहुधा.

लॉजिक अॅनालायझर प्रत्येक सॅम्पलला एवढंच बघतो की व्होल्टेज थ्रेशोल्डच्या (०-१ मधली सीमा) वर आहे की खाली. लाइन झटक्यात चढली की रांगत, खालची पातळी ०.०५ व्होल्टला टेकली की ०.६ला अडली, याचा त्याला पत्ता नसतो. तो चौकोनी लाट काढून देतो आणि सगळं छान चाललंय असं वाटतं.

आयटूसीत चढती कड (० वरून १ वर जाणं) फक्त पुलअप रेझिस्टर (लाइनला ३.३ व्होल्टकडे ओढणारा) आणि बसचं कपॅसिटन्स यांच्यावर ठरते. ३० ते ७० टक्के चढायला लागणारा वेळ ०.८४७ × आर × सी. ४०० किलोहर्ट्झसाठी मर्यादा ३०० नॅनोसेकंद, १०० किलोहर्ट्झसाठी १००० नॅनोसेकंद. तुमची केबल, तीन सेन्सर आणि ट्रॅक मिळून १०० पिकोफॅरड धरले, तर ४.७ किलोओहमला ३९८ नॅनोसेकंद होतात, म्हणजे मर्यादेबाहेर. २.२ किलोओहमला १८६. खालच्या बाजूची हद्दही आहे: चिपने ३ मिलिअँपिअर ओढून ०.४ व्होल्टच्या आत राहावं असं गणित आहे, म्हणून ३.३ व्होल्टवर साधारण १ किलोओहमपेक्षा कमी जायचं नाही.

खरेदीआधी एक फुकटची तपासणी करा. बाजारातल्या सेन्सर बोर्डांवर पुलअप आधीच बसवलेले असतात. वीज बंद करून मल्टिमीटरने एसडीए आणि ३.३ व्होल्ट लाइन यांच्यात रेझिस्टन्स मोजा. तिन्ही बोर्डांवर १० किलोओहम असतील तर समांतर मिळून ३.३ दिसेल, आणि १०० पिकोफॅरडला २८२ नॅनोसेकंद म्हणजे अगदी काठावर. एखाद दिवशी केबल बदलली की पलीकडे. (मीटरच्या दोन्ही वायरी उलटसुलट करून दोनदा मोजा, चिपच्या आतल्या डायोडमुळे एका दिशेला आकडा चुकतो.)

---

शून्य_एक

वरचं गणित बरोबर, पण निष्कर्षाशी अर्धाच सहमत. आयटूसी लटकली तेव्हा कोणत्या पत्त्यावरचा, कितवा बाइट चालू होता, हे स्कोपच्या पडद्यावर शोधत बसणं म्हणजे डोळे फोडून घेणं. एफएक्स२ नावाच्या यूएसबी चिपवाला आठ चॅनेलचा छोटा लॉजिक अॅनालायझर स्कोपच्या तुलनेत इतका स्वस्त असतो की हा 'किंवा'चा प्रश्नच नाही. सिग्रोक आणि पल्सव्ह्यू ही मुक्त सॉफ्टवेअरं त्याला चालतात, आयटूसी, एसपीआय, यूआर्टचे डिकोडर (सिग्नलमधून बाइट वाचून दाखवणारे) तयार मिळतात.

त्याच्या मर्यादा मात्र माहीत असू द्या.

वेग सेकंदाला २४ दशलक्ष सॅम्पल, म्हणजे दर ४१.७ नॅनोसेकंदांनी एक. ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसीला भरपूर. तुमच्या ८ मेगाहर्ट्झच्या एसपीआयला एका क्लॉकमागे जेमतेम तीन सॅम्पल पडतात, आणि क्लॉकचा अर्धा भाग ६२.५ नॅनोसेकंदांचा असल्याने डेटा नेमका कोणत्या कडेला बदलला ते सांगता येत नाही. डिकोडर चुकीचे बाइट दाखवतो आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. तपासणीपुरता एसपीआय २ मेगाहर्ट्झवर आणा, बाइट बरोबर आहेत ना ते पाहा, मग परत वाढवा.

या चिपला 'एक' म्हणून निदान २.० व्होल्ट आणि 'शून्य' म्हणून ०.८ च्या खाली लागतं. ३.३ ला चालतं, ५ व्होल्टही सोसते. १.८ व्होल्टच्या चिपवर भरवसा ठेवू नका. आरएस-२३२ च्या (जुना सिरियल पोर्ट) ऋण-धन १२ व्होल्टला तर लावूच नका, जळेल.

सॅम्पल साठवायला त्यात मेमरी नसते, सगळं लगेच यूएसबीतून जातं. हबवर दुसरी उपकरणं असतील तर कॅप्चर मध्येच तुटतं. थेट पोर्टला लावा, किंवा वेग ८ किंवा १२ दशलक्षवर आणा.

आणि ग्राउंडची वायर. आठ सिग्नल वायरी आणि एकच लांब ग्राउंड असा जुडगा लावला की एका वायरीवरचा क्लॉक शेजारच्या वायरीवर उमटतो. एससीएलवर नसलेले ठोके दिसायला लागले की आधी ग्राउंड आखूड करा.

---

वाकडी_लाट

सहमत, स्कोपसोबत तो घ्याच. फक्त एक भर: कड रांगत चढत असेल तेव्हा थ्रेशोल्डजवळच्या गोंगाटामुळे या अॅनालायझरला एकाच कडेच्या जागी तीन-चार कडा दिसतात आणि डिकोडर खोटे 'स्टार्ट' (व्यवहार सुरू झाल्याची खूण) दाखवतो. तसं दिसलं तर कोड तपासण्याआधी तीच लाइन स्कोपवर घ्या.

---

लटकलेली_बस

मीटरने मोजलं, २.३ किलोओहम आलं. म्हणजे पुलअप ठीक दिसतोय. मग ५० मेगाहर्ट्झचा स्कोप पुरेल ना? सगळ्यात वेगवान सिग्नल ८ मेगाहर्ट्झचाच आहे.

---

दहापट_प्रोब

बँडविड्थ क्लॉकवरून ठरवू नका, कडेवरून ठरवा. स्कोपचा स्वतःचा चढण्याचा वेळ साधारण ०.३५ ÷ बँडविड्थ: ५० मेगाहर्ट्झला ७ नॅनोसेकंद, १०० ला ३.५. पडद्यावर दिसतो तो सिग्नल आणि स्कोप या दोन वेळांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. तुमच्या मायक्रोकंट्रोलरच्या पिनची कड ३ नॅनोसेकंदांची असेल तर ५० वाल्यावर ती ७.६ दिसेल, १०० वाल्यावर ४.६. एसपीआयच्या क्लॉकवर कडेलगत जी थरथर असते, तिच्यामुळे डिस्प्ले एका ठोक्याचे दोन मोजतो, ती ५० मेगाहर्ट्झवर गुळगुळीत होऊन गायब होते. म्हणून १०० घ्या. २०० ची या बोर्डला गरज नाही.

२०० किलोहर्ट्झवाले किटचे चिमुकले स्कोप इथे बाद. तुमच्या आयटूसीचा क्लॉकच त्याच्या दुप्पट आहे.

जाहिरातीतला सॅम्पल रेट बहुतेकदा एकच चॅनेल चालू असतानाचा असतो. 'सेकंदाला १०० कोटी' असं लिहिलेलं असलं तरी चारही चालू केले की वाट्याला २५ कोटी येतात. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपला तेवढे म्हणजे अडीच पट, कशीबशी चालणारी स्थिती. वेगवान कड बघताना बाकीचे चॅनेल बंद करा, रेट वर जातो.

मेमरी मात्र बघून घ्या. खिडकीची लांबी म्हणजे मेमरी भागिले सॅम्पल रेट. १ कोटी बिंदू आणि सेकंदाला १० कोटी सॅम्पल असतील तर १०० मिलिसेकंद एका दमात पकडता येतात. १० लाखच बिंदू असतील तर १०. मेमरी कमी असली की टाइमबेस (पडद्यावर मावणारा वेळ) लांबवताच स्कोप गुपचूप सॅम्पल रेट खाली आणतो आणि मग ८ मेगाहर्ट्झचा क्लॉक पडद्यावर काही किलोहर्ट्झचा म्हणून दिसतो, तोही अगदी सुबक. कोपऱ्यात लिहिलेला चालू सॅम्पल रेट बघायची सवय लावा.

चॅनेल चार. एसडीए, एससीएल, ३.३ व्होल्ट लाइन आणि एक मोकळी पिन. दोन अॅनालॉग आणि सोळा डिजिटलवाला मिश्र स्कोप तुमच्यासाठी घाट्याचा, कारण डिजिटल बाजू त्या छोट्या अॅनालायझरने भागते.

---

आखूड_ग्राउंड

उपकरणाची चर्चा झाली, आता टोकाची, म्हणजे प्रोबची. चांगल्या स्कोपवर वाईट मापं येतात ती बहुतेक इथेच.

प्रोबवरचा १एक्स-१०एक्सचा खटका १०एक्सवर ठेवा आणि चॅनेलच्या मेनूतही १०एक्स निवडा. दोन्ही जुळले नाहीत तर आकडे दहापट चुकतात. १०एक्समध्ये टोकाला ९ मेगाओहमचा रेझिस्टर येतो, स्कोपच्या १ मेगाओहमसोबत मिळून १०, आणि कपॅसिटन्स १० ते १५ पिकोफॅरड. १एक्समध्ये केबलचं सगळं कपॅसिटन्स सर्किटच्या गळ्यात पडतं, १०० पिकोफॅरडच्या घरात, आणि बँडविड्थ ६ ते १० मेगाहर्ट्झवर येते. १एक्सने एसडीए बघाल तर बसचं कपॅसिटन्स तुम्हीच दुप्पट कराल. 'प्रोब लावला की बंद पडतं' किंवा उलट 'प्रोब लावला की चालतं' अशा तक्रारींचं मूळ बऱ्याचदा हेच.

१०एक्सही फुकट नाही. १२ पिकोफॅरड म्हणजे १०० मेगाहर्ट्झला जेमतेम १३० ओहम.

प्रत्येक प्रोब ज्या चॅनेलला लावणार, त्याच चॅनेलवर जुळवून घ्या. स्कोपच्या पुढच्या खुंटीवर १ किलोहर्ट्झची चौकोनी लाट मिळते. प्रोबवरचा छोटा स्क्रू प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवून लाटेचा माथा सपाट करा. सुरुवातीला टोक वर येत असेल तर जादा झालं, खांदा गोल असेल तर कमी. प्रोब दुसऱ्या चॅनेलला हलवला की पुन्हा.

आता ग्राउंड. मगरक्लिपची १५ सेंटिमीटर वायर म्हणजे अंदाजे १५० नॅनोहेन्री. टोकाच्या १२ पिकोफॅरडशी तिचा अनुनाद १२० मेगाहर्ट्झच्या आसपास येतो. वेगवान कड आली की हीच जोडी घंटेसारखी वाजते, आणि ती थरथर सर्किटची आहे असं समजून लोक बोर्डवर रेझिस्टर लावत सुटतात. प्रोबसोबत एक छोटी स्प्रिंग मिळते. टोकावरची टोपी काढून ती ग्राउंडच्या कड्यावर बसवा, वाट १ सेंटिमीटरवर येते, अनुनाद ४५० मेगाहर्ट्झच्या पुढे जातो. थरथर आकाराने बदलली तर ती प्रोबची होती. जशीच्या तशी राहिली तर बोर्डची. मग एसपीआय क्लॉकला मायक्रोकंट्रोलरच्या पिनजवळ २२ ते ३३ ओहम मालिकेत टाका, किंवा पिनचा ड्राइव्ह सॉफ्टवेअरमधून कमी करा.

---

लटकलेली_बस

एसडीए लटकते ती दोन-तीन तासांतून एकदा. तेवढा वेळ पडद्यावर डोळे लावून बसायचं का? ट्रिगर (स्कोपने कधी पकडायचं ती अट) कसा लावू?

---

दहापट_प्रोब

ऑटो मोडमध्ये अजिबात नको, तो ट्रिगर नसला तरी झाडू मारत राहतो आणि पकडलेलं पुसून टाकतो. 'सिंगल' (एकदा पकडून थांबणारा) लावा.

पल्स रुंदीचा ट्रिगर निवडायचा मोह होईल. बऱ्याच स्कोपमध्ये तो पल्स संपल्यावरच सुटतो, आणि तुमची लटकलेली एसडीए वर येतच नाही, म्हणजे तो कधीच सुटणार नाही. 'टाइमआउट' ट्रिगर हवा: एसडीए १ मिलिसेकंदापेक्षा जास्त वेळ खाली राहिली की पकड. ४०० किलोहर्ट्झला एक बाइट पोचपावतीसकट २२.५ मायक्रोसेकंद घेतो, त्यामुळे ओळीने शून्याचे काही बाइट आले तरी १ मिलिसेकंद गाठला जात नाही. ट्रिगरची जागा पडद्याच्या उजव्या टोकाकडे न्या, म्हणजे ९० टक्के मेमरी आधीच्या घडामोडींसाठी वापरली जाईल.

टाइमआउट ट्रिगर नसेल तर फर्मवेअरला कामाला लावा. आयटूसीचं काम ठरल्या वेळेत झालं नाही की एक मोकळी पिन वर करायची, चौथा चॅनेल तिच्यावर, साधा चढत्या कडेचा ट्रिगर. महागड्या ट्रिगरांपेक्षा ही युक्ती जास्त कामाची आहे.

पकडलं की तीन गोष्टी बघा: अडकण्याआधी एससीएलवर जादा ठोका किंवा टोचा आहे का, त्याच क्षणी ३.३ व्होल्ट लाइन बसली का. आणि मायक्रोकंट्रोलर व्यवहार अर्ध्यात सोडून रीसेट झाला का. तिसरं कारण फार सापडतं. सेन्सर शून्याचा बिट देत असताना मास्टर (इथे मायक्रोकंट्रोलर) गप्प झाला, की सेन्सर पुढच्या क्लॉकची वाट बघत एसडीए धरून बसतो. उपाय: सुरुवातीला एसडीए खाली दिसली तर एससीएलवर जास्तीत जास्त ९ ठोके द्या, एसडीए सुटली की 'स्टॉप' (व्यवहार संपल्याची खूण). हे फर्मवेअरमध्ये कायमचं ठेवा.

---

आखूड_ग्राउंड

तिघांपैकी कोणता सेन्सर धरून बसलाय तेही स्कोपवर कळतं. प्रत्येक सेन्सरच्या एसडीएत वेगळा रेझिस्टर मालिकेत टाका: १००, २२०, ३३० ओहम. त्यासाठी सेन्सर बोर्डांवरचे पुलअप काढून मास्टरच्या बाजूला एकच ३.३ किलोओहम ठेवावा लागेल, आणि चाचणीपुरता वेग १०० किलोहर्ट्झवर आणावा लागेल. मग मास्टरजवळ बघितलं की खालची पातळी बोलते: जवळपास शून्य म्हणजे मास्टर ओढतोय, १०० मिलिव्होल्ट म्हणजे पहिला सेन्सर, २०० म्हणजे दुसरा, ३०० म्हणजे तिसरा (त्यात चिपचं स्वतःचं थोडं व्होल्टेज मिळवा). ०.५ व्होल्ट प्रति घर (पडद्यावरचा एक चौकोन) ठेवलं तर ८ बिटांच्या स्कोपची एक पायरी साधारण १६ मिलिव्होल्ट पडते, फरक स्पष्ट दिसतो. थ्रेशोल्ड ०.९९ व्होल्ट असल्याने बस चालूच राहते.

लॉजिक अॅनालायझरला हे चारही एकसारखे शून्य.

---

रिपल_राव

एडीसीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. १२ बिट आणि ३.३ व्होल्ट म्हणजे एक पायरी ०.८ मिलिव्होल्ट. चार बिट नाचणं म्हणजे १३ मिलिव्होल्टचा गोंगाट. १०एक्स प्रोबने एवढं लहान बघणं अवघड, कारण सिग्नल दहापट लहान होतो आणि स्कोपचा स्वतःचा गोंगाट वर येतो.

रिपलसाठी (पुरवठ्याच्या व्होल्टेजमधली लहर) हे करा. आखूड ५० ओहम कोॲक्स केबल घ्या, एका टोकाला बीएनसी (स्कोपला लागणारा कनेक्टर), दुसरं टोक थेट एडीसीच्या पुरवठा पिनजवळच्या कपॅसिटरवर सोल्डर, मधल्या तारेत ४७ ओहम मालिकेत. स्कोपचा इनपुट १ मेगाओहम, एसी कपलिंग (स्थिर भाग वगळून फक्त बदल दिसतो), मेनूत १एक्स, ५ किंवा १० मिलिव्होल्ट प्रति घर. २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ मर्यादा चालू करून रिपल वाचा, मग बंद करून टोचे बघा. दोन आकडे वेगळे लिहून ठेवा, त्यांचे उपाय वेगळे आहेत.

माप घेण्याआधी मधली तारही त्याच ग्राउंडवर टेकवून बघा. तरीही पडद्यावर ८ मिलिव्होल्ट नाचत असतील तर ते तुमचे नाहीत, वायरीने हवेतून उचललेत. प्रोबनेही हीच चाचणी घ्यायची.

रिपल काही किलोहर्ट्झचा, करवतीसारखा आणि अनियमित दिसला तर बक कन्व्हर्टर हलक्या भाराला ठोके गाळतोय. तात्पुरता भार वाढवून बघा. वारंवारता एकदम वर गेली आणि रिपल घटला तर निदान पक्कं. अशा वेळी फेराइट बीड (उच्च वारंवारता अडवणारा मणी) लावून काही होत नाही, ते किलोहर्ट्झला तारच असतं. एडीसीच्या पुरवठ्यात १० ओहम आणि १० मायक्रोफॅरड टाका, १.६ किलोहर्ट्झपासून वरचं गाळलं जाईल. किंवा कन्व्हर्टरला सक्तीने ठराविक वारंवारतेवर ठेवायची पिन असेल तर ती वापरा.

---

लटकलेली_बस

१२ व्होल्टच्या लाइनमध्ये ०.१ ओहमचा शंट आहे, करंट बघायला. प्रोब आणि ग्राउंड क्लिप त्याच्या दोन टोकांना लावली तर चालेल ना?

---

आखूड_ग्राउंड

नाही! ग्राउंड क्लिप स्कोपच्या आतून थेट मेन्सच्या अर्थला जोडलेली असते, आणि सगळ्या चॅनेलच्या क्लिपा आतून एकच आहेत. बोर्ड यूएसबीने अर्थ असलेल्या संगणकाला लागलेला असेल तर १२ व्होल्ट क्लिप, स्कोप, अर्थ, यूएसबी अशा वाटेने शॉर्ट होतात. क्लिपची वायर जळते, सोबत पोर्टही जाऊ शकतो. बोर्ड कुठेच अर्थला नसेल तर ठिणगी पडणार नाही, पण यूएसबी लावली त्या क्षणी पडेल. मीटरने आधी बोर्डचं ग्राउंड आणि स्कोपच्या बीएनसीची कड यांच्यातलं व्होल्टेज आणि सातत्य तपासायची सवय चांगली.

शंटसाठी दोन प्रोब, दोन्ही १०एक्स, एकेक टोकाला, दोन्ही क्लिपा बोर्डच्या ग्राउंडवर, आणि गणित मेनूत पहिला वजा दुसरा. १०० मिलिअँपिअरला १० मिलिव्होल्टचाच फरक मिळतो आणि १२ व्होल्ट बसतील असं घर ठेवलं की तो पायऱ्यांमध्ये हरवतो, हे मात्र लक्षात घ्या. खरं बघायचं असेल तर शंट ग्राउंडच्या बाजूला हलवा किंवा डिफरन्शियल प्रोब (दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) घ्या.

मेन्सच्या बाजूचं काही उघडून बघायचं झालं तर साध्या प्रोबने नाहीच. स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून 'तरंगता' करायचा सल्ला कुठे वाचाल, तो पाळू नका: मग स्कोपची प्रत्येक धातूची कड मेन्सच्या व्होल्टेजवर जाते. त्याला पुरेशा कॅट वर्गाचा (मेन्सवरच्या सुरक्षिततेची श्रेणी) उच्च व्होल्टेज डिफरन्शियल प्रोब लागतो.

---

शून्य_एक

अजून एक, उद्या घड्याळाचा ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल बघायला जाल म्हणून. त्याच्या पायांना प्रोब लावू नका. लोड कपॅसिटन्स ६ ते १२.५ पिकोफॅरडचं असतं आणि तुमचा प्रोबच १२ चा. ऑसिलेटर थांबतो किंवा वेग सरकतो, आणि क्रिस्टल खराब आहे असं वाटतं. मायक्रोकंट्रोलरला क्लॉक बाहेर काढायची पिन असेल तर तिथे मोजा.

---

लटकलेली_बस

ठरलं: १०० मेगाहर्ट्झ, चार चॅनेल, १ कोटी बिंदूंची मेमरी, टाइमआउट ट्रिगर आहे याची खात्री करून. सोबत एफएक्स२वाला अॅनालायझर. सेन्सरच्या चिपचे पाय ०.५ मिलिमीटर अंतरावर आहेत, तिथे हुक बसणार नाही. काय करू?

---

रिपल_राव

पायांना हात लावू नका, टोक घसरलं की दोन पाय शॉर्ट. त्याच लाइनवरचा पुलअप रेझिस्टर किंवा व्हाया (बोर्डचे थर जोडणारं छिद्र) शोधा आणि तिथे ३० गेजची एनॅमल तार सोल्डर करा, लांबी ३ सेंटिमीटरपर्यंत. तार हलून पॅड उखडू नये म्हणून बोर्डवर कॅप्टॉन टेपने दाबून ठेवा. दुसऱ्या टोकाला एक हेडर पिन, हुक तिला. प्रत्येक सिग्नलशेजारी ग्राउंडचीही एक पिन काढा. पुढच्या बोर्डच्या आराखड्यात एसडीए, एससीएल आणि ३.३ व्होल्टला १ मिलिमीटरचे उघडे टेस्ट पॅड द्या, प्रत्येकाच्या २.५ मिलिमीटरवर ग्राउंडचा पॅड, म्हणजे स्प्रिंग थेट बसते.